लघुलहरींचा रेडिओ : निवड आणि वापर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणावरून)



बदलीच्या नोकरीत घरचे सामान वारंवार बांधावे लागते. त्या सामानात सहज उचलून नेता येईल असा एक रेडिओ असावा, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांच्यासाठी हे चार शब्द. मी कलाशाखेचा पदवीधर; वापराने जे कळले तेवढेच सांगतो.

प्रथम एक कटु गोष्ट. बीबीसीची लघुलहरींवरील हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. आकाशवाणीचेही अनेक लघुलहरी प्रक्षेपक बंद झाले. तेव्हा केवळ लघुलहरींच्या आशेने संच घेऊ नये. त्याची मध्यम लहरींची बाजूही बळकट हवी. दिवसा आयनांबराचा खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि शेकडो मैलांवरचे केंद्र ऐकू येऊ लागते. मराठी बातम्या भ्रमणध्वनीवर मिळतात, हे खरे; पण खरखरीतून अकस्मात वर आलेल्या मराठी आवाजाची गोडी त्याला नाही. या लहरींसाठी दांडी ओढून उपयोग नसतो. त्यांचा अँटेना संचाच्या पोटात, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. म्हणून संचच हळूहळू फिरवून पाहावा.

दुकानदार ‘दहा बँड’ म्हणून भुलवितो. बँडांची संख्या हा गुण नव्हे. लगतची दोन केंद्रे वेगळी ऐकू येतात काय, हे पाहावे. स्वस्त संचात एकच केंद्र दोन ठिकाणी लागते. ११,८०० किलोहर्ट्‌झवरचे केंद्र १०,८९० वरही बोलू लागते. कारण अशा संचाची मध्यवर्ती कंप्रता बहुधा ४५५ किलोहर्ट्‌झ असते आणि हे अंतर तिच्या बरोबर दुप्पट आहे. दुहेरी रूपांतराचा संच हा दोष पुष्कळसा टाळतो. शिवाय कंप्रता आकड्यांत दाखविणाराच संच घ्यावा. काट्याच्या तबकडीवर काल लागलेले केंद्र आज सापडेलच असे नाही.

लघुलहरींवर दिवसा १९ व २५ मीटर, रात्री ४१ व ४९, आणि ३१ मीटर बहुतेक वेळी चाचपून पाहावा. खिडकीपाशी बसावे. दांडीला पाच-सहा मीटर तार चिमट्याने जोडल्यास लाभ होतो. फार लांब तारेने साधा संच गोंधळतो. वीज कडाडू लागण्यापूर्वी ती तार काढावी. घरातील एलईडी दिवे व चार्जर बंद करावेत, संच सेलवर चालवावा. सरकारी वसाहतीत शेजाऱ्याचा दिवा मालविणे आपल्या हाती नसते, हे मान्य! आणि संच महिनाभर कपाटात राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत. गळलेल्या सेलांनी गंजलेला संच दुरुस्त करणारा कारागीर आता सहजी भेटत नाही.