लेखकाला गाठणारी माणसे



साहित्य संमेलनात स्वागताध्यक्षाने मंडप, पाणी आणि पंगत सांभाळावी, साहित्यावर अध्यक्षांनी बोलावे, असा संकेत आहे. तो थोडा मोडायचा मोह या गावामुळेच, नाशिकमुळेच होतो. लिहायला स्फूर्ती येते कुठून, असे विचारले की लेखक निसर्ग, एकांत, वेदना अशी उत्तरे देतात. नाशिकची साक्ष मात्र वेगळी आहे: लेखकाला कुणीतरी गाठावे लागते.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 मधला, इथून जवळच्या जलालपूरचा. लग्न अकराव्या वर्षी. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, नवऱ्याकडून. ते नवरे, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, 1919 साली गेले. पुढे मुलाला, देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. हवी होती ती चरित्राची सामग्री. पण बाईंनी लेखणी हातात घेतली आणि बाजारातून आलेले सामान धुऊन घरात घेणारे सोवळेकरी वडील, न सांगता घरातून निघून जाणारे कविराज, स्वतःची फजिती, सगळेच कागदावर उतरू लागले. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाली. मुलाने आईच्या मागे लकडा लावला नसता, तर मराठी एका अव्वल आत्मचरित्राला मुकली असती.

साने गुरुजींच्या मागे असा लकडा लावणारे कुणी नव्हते; त्यांना तुरुंगाने गाठले. 1933 च्या फेब्रुवारीत ते नाशिकच्या तुरुंगात होते. दिवसा तुरुंगातले काम, रात्री लेखन; पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बराचसा भाग लिहून झाला. आईची आठवण तर बरोबर होतीच, आणि तुरुंगात कुणी भेटायला येऊन रात्र खाणार नव्हते. (लेखकांसाठी याच धर्तीची निवासव्यवस्था करण्याचा स्वागत समितीचा विचार नाही.)

हरि नारायण आपट्यांनी पुण्यात तगादा स्वतःच ओढवून घेतला. 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. तिची नायिका यमू हिची पुढची हकीकत वाचकांना हवी असे, आणि साप्ताहिकाचे पान कोरे सोडता येत नाही.

का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाच्या मागे वर्षातला एक कायमचा हंगाम लागला. तेव्हापासून कितीतरी कथा ‘अंक छपाईला चाललाय’ या निरोपावर पुऱ्या झाल्या असतील. आजच्या सभागृहात असा निरोप धाडणारे संपादक आहेत, आणि दिलेला शब्द अजून न पाळलेले लेखकही. चहाची व्यवस्था दोघांसाठी एकाच मंडपात केली आहे.