मक्तेदारी : एक शब्द, अनेक अर्थ



मक्तेदारी हा शब्द आपल्या सभांतून आणि पत्रकांतून इतका वापरला गेला आहे की त्याची धार बोथट झाली आहे. कारखानदार एक असो की चार, तो विकणारा असो की घेणारा, आपण सर्वांना हेच एक नाव देतो. इंग्रजी अर्थशास्त्राने या अवस्थांना निरनिराळी नावे दिली आहेत. ती समजून घेणे हा केवळ पंडिती छंद नव्हे.

विक्रेता एकच असेल तर ती मोनोपॉली, दोनच असतील तर ड्युओपॉली, मोजके असतील तर ऑलिगोपॉली. या मोजक्यांनी संगनमताने भाव ठरविले वा बाजार वाटून घेतला की ते कार्टेल. विक्रेते मोजके आहेत हे उघड दिसते. संगनमत मात्र सिद्ध करावे लागते.

याहून महत्त्वाचा शब्द मोनॉप्सनी, म्हणजे एकमेव खरेदीदाराची सत्ता. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली अपूर्ण स्पर्धेवरील आपल्या ग्रंथातून तो अर्थशास्त्रात आणला. गावाला एकच गिरणी असली की श्रम विकणाऱ्याला मजुरीची घासाघीस करता येत नाही. नाडला जातो तो विकणारा. ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत महाराष्ट्र शासन कायद्यानेच कापसाचे एकमेव खरेदीदार झाले होते. हेतू मात्र उत्पादकाला व्यापाऱ्यांच्या कचाट्यातून सोडविण्याचा होता. म्हणून सत्ता कोणाच्या हाती आणि ती कोणाला जबाबदार, हेही विचारले पाहिजे.

शब्द बदलला की कायद्याचा रोखही बदलतो. १९६९ च्या मक्तेदारी-नियंत्रण कायद्याने लोकहितास बाधक अशा आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणालाच लक्ष्य केले होते. २००२ च्या स्पर्धा कायद्यात बाजारातील वर्चस्व हा स्वतः गुन्हा नाही. निषिद्ध आहे तो वर्चस्वाचा गैरवापर. म्हणजे सत्ता एकवटली एवढे दाखविणे आता पुरत नाही.

तेव्हा पत्रक लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. सत्ता विकणाऱ्याची की घेणाऱ्याची? एकाची की मोजक्यांची? संगनमत आहे की नुसते वर्चस्व? विक्रेत्याच्या मक्तेदारीविरुद्ध भावनियंत्रण मागावे लागेल, खरेदीदाराच्या सत्तेविरुद्ध किमान वेतन वा हमीभाव, आणि संगनमताविरुद्ध चौकशी. निदान चुकले तर मागणीही चुकेल, आणि त्याची किंमत ज्यांच्यासाठी आपण लढतो त्यांनाच मोजावी लागेल.