बर्गनमधले आठ तास
(कोजागिरीच्या कार्यक्रमात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा जूनमध्ये आम्ही दोघं जहाजाने नॉर्वेला जाऊन आलो. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, "काकू, जहाज बंदरात एकच दिवस थांबतं, तेवढ्यात काय बघून होतं?" लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत उत्तर पुरं होत नाही. आज सचिवांनी माइक दिलाय, तर सांगूनच टाकते. सगळी बंदरं सांगत बसले तर दूध आटून जाईल, म्हणून फक्त बर्गन.

बर्गन हे नॉर्वेतलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, सात डोंगरांच्या मधे वसलेलं. आमचं जहाज सकाळी आठला जुन्या किल्ल्याजवळच्या धक्क्याला लागलं. संध्याकाळी पाचला सुटणार, साडेचारला सगळे आत हवेत. ही वेळ आधी पाठ करा. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. आपापले फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. आम्ही आपापलेच गेलो, कारण इथे बघण्यासारखं बरंच काही धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एडवर्ड ग्रीग या संगीतकाराचं घर गावाबाहेर आहे, ते मन घट्ट करून सोडलं. एका दिवसात दोन गोष्टी नीट बघाव्यात, या मताची मी आहे.

पहिली गोष्ट फ्लोयन डोंगर. 1918 सालापासून तिथे दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, विहिरीच्या रहाटासारखं. पाचसात मिनिटांत तुम्ही 320 मीटर उंचीवर. सकाळी लवकर जा, दहानंतर सगळी जहाजं तिथेच रांगेत उभी राहतात. वरून लाल कौलांची घरं, बंदर आणि मागे बेटांची रांग दिसते. म्हणजे दिसते, पाऊस नसेल तर! वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटर, म्हणजे साधारण आपल्या मुंबईइतकाच पाऊस. पण आपला चार महिन्यांत उरकतो, त्यांचा वर्षभर पुरवून पुरवून पडतो. आम्हाला वर वीस मिनिटं ऊन मिळालं. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वाऱ्यात छत्री टिकत नाही.

दुसरी गोष्ट ब्रिग्गेन, आणि खरं तर त्यासाठीच मी बोलायला उभी आहे. बंदराला लागून तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची ओळ आहे. फोटो काढून लोक पुढे जातात. तुम्ही तसं करू नका, दोन घरांमधल्या फळ्यांच्या बोळातून आत शिरा. मागे घरामागे घर, वर लाकडी गॅलऱ्या, बाहेरून जिने. मला तर आपल्या गिरगावातल्या चाळीच आठवल्या.

चौदाव्या शतकाच्या मध्यापासून 1754 पर्यंत इथे हान्से संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची पेढी होती. उत्तरेकडून सुकवलेला मासा यायचा, त्याच्या बदल्यात धान्य जायचं. एकेका आवारात अनेक व्यापारी शेजारी शेजारी राहायचे, आणि त्यांना लग्न करायला मनाई होती. सगळं बांधकाम लाकडाचं, म्हणून या घरांत चूल, शेकोटी, दिवा, काहीही पेटवायला बंदी. नॉर्वेच्या थंडीत, विचार करा! मग मागच्या बाजूला वेगळी सामायिक दालनं बांधली, शेजारी स्वयंपाकघर. हिवाळ्यात जेवण, ऊब, शिकाऊ मुलांचे धडे, सगळं तिथे एकत्र. म्हणजे सोसायटीचा हॉलच की!

तरीही 1702 च्या मोठ्या आगीत सगळं जळालं. लोकांनी जुन्याच आखणीवर, जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधलं. आज दिसतं ते तेव्हाचं. 1955 साली पुन्हा काही भाग जळाला. त्या जागी उत्खनन झालं, तेव्हा रून लिपीत कोरलेल्या शेकडो लाकडी पट्ट्या निघाल्या. कुठे मालावर मालकाचं नाव, आणि एका पट्टीवर गीडा नावाची बाई कुणाला तरी घरी यायला सांगते. आमचे हे म्हणाले, "बघ, तेव्हापासून हेच!"

1979 साली युनेस्कोने ब्रिग्गेनला जागतिक वारसा ठरवलं, पण पाटी लावून घर टिकत नाही. जमिनीखालचं पाणी उतरलं की लाकडी पायाला हवा लागते आणि तो कुजतो, घर खचतं. म्हणून तिथे पावसाचं पाणी मुद्दाम जमिनीत मुरवतात. सुतार जुन्या हत्यारांनी एकेक कुजलेला ओंडका बदलत असतात. आम्ही गेलो तेव्हाही एक घर पडद्याआड होतं.

मग मासळीबाजारात एक फेरी, दालचिनी घातलेला गोड पाव आणि तपकिरी चीज. निवळी आटवून करतात, चव थेट खव्याकडे जाते. कार्ड सगळीकडे चालतं, स्वच्छतागृहातसुद्धा. चारला जहाजावर परत.

आता घरचं बोलते. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. ब्रिग्गेनची लाकडी घरं तीनशे वर्षं उभी आहेत. ती लोकांनी नियम पाळले आणि खर्च केला म्हणून उभी आहेत. आपल्या जिन्यात चपलांचे स्टँड आणि जुन्या सायकली आहेत. आगीच्या नळीच्या पेटीपुढे कुंड्या आहेत, आणि पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा दोन वर्षं गाळाने भरलाय. येत्या सर्वसाधारण सभेत हे तीन विषय मी लेखी देणार आहे. त्या दिवशी कोरम भरला पाहिजे, एवढीच विनंती.

जहाजाचं बुकिंग, शेंगेन व्हिसा, खर्च, काहीही विचारायचं असेल तर घरी या, चहा घेऊन बोलू. लिफ्टमध्ये नको.

दूध घ्या, निवतंय.