डिपॉझिटच्या भांडणाची नोंद कुठं असते?

पावसाळ्यात कारध्याच्या पुलाजवळ वैनगंगा किती चढली, याचा आकडा जाहीर होतो. 245.50 मीटर ही धोक्याची पातळी. आकडा आहे म्हणून लोक वेळेत सावध होतात. पण भंडारा-कारधा भागात किरायाची खोली सोडताना किती जणांचं डिपॉझिट अडकलं आणि त्यातल्या कितींना परत मिळालं, याचा असा आकडा कुठं वाचलाय का?

वाद नेहमीचाच असतो. किरायेदार सामान टेम्पोत भरतो. घरमालक भिंतीतले खिळ्यांची भोकं मोजतो, गळका नळ दाखवतो, रंगरंगोटीचा खर्च सांगतो आणि म्हणतो, "हिशोब करून सांगतो." तो हिशोब पुढं होतच नाही. पोलीस ठाण्यात गेलं, तर ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा, असं सांगतात. आणि दोन-चार महिन्यांच्या किरायासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? मग माणूस पैसे सोडून देतो, अन् वादाची कुठंच नोंद होत नाही.

पण ज्या थोड्या वादांची नोंद होते, त्यांची माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. 2005 च्या या कायद्यानं अर्जाला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाचं शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. न्यायालयांचे नियम मात्र वेगळे आहेत, ते आधी पाहून घ्या.

खरी मेख प्रश्नात आहे. कार्यालयाकडे जी माहिती नोंदलेली आहे, तीच मिळते. नवी तयार करून द्यायला ते बांधील नाहीत. "डिपॉझिटचे वाद कसे मिटतात?" असं विचारलं, तर "अशी माहिती संकलित नाही" एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला असं विचारा: "1 जानेवारी 2022 ते 31 डिसेंबर 2024 या काळात घरमालक-भाडेकरू वादाची किती दाखलपूर्व प्रकरणे लोकअदालतीत ठेवली, किती तडजोडीने निकाली निघाली, त्या नोंदवहीची प्रत द्यावी." दुय्यम निबंधक कार्यालयाकडे त्याच काळात नोंदवलेल्या भाडेकरारांची संख्या मागा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही, तर 30 दिवसांत पहिलं अपील करा. नंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

आकडा असा मागावाच लागू नये, अशीही सोय करता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2007 पासून घरमालकाला डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. वाद झाला, तर योजनेतर्फेच विनामूल्य निवाडा होतो. नोंद आपोआप होते, म्हणून आकडेही प्रसिद्ध होतात. आपल्याकडे केंद्रानं 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, असं म्हटलंय. पण तो राज्यांसाठी नमुना आहे. महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण कायदा चालतो. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी. तो नोंदवला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं ग्राह्य धरतात.

तेव्हा श्रोतेहो, खोली घेताना करार नोंदवूनच घ्या. ग्रामीण भागात नोंदणी फी फक्त 500 रुपये आहे. डिपॉझिटची रक्कम आणि ते परत करण्याची मुदत त्यात लिहून घ्या. पैसे रोख न देता बँकेतून द्या. डिपॉझिट अडकलंच, तर नुसतं चरफडत बसू नका. विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. तिथं पैसे लागत नाहीत, आणि लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते. तुमचा अर्ज तिथल्या नोंदवहीत चढला, तरच उद्या माहिती मागणाऱ्याला आकडा मिळेल.