खापरावरची नावे

तंजावर म्हटले, की मराठी माणसाला बृहदीश्वराच्या देवळावर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा इतिहास आठवतो. त्याच देवळावर राजराज चोळाची दानेही कोरलेली आहेत. परंतु ज्यांना दगड कोरविण्याचे सामर्थ्य नव्हते, त्यांची नावे कोठे शोधावयाची?

वाय. सुब्बरायलू ह्या संशोधकांना ती खापरांवर सापडली. त्यांचा व्यासंग सुरू झाला तो चोळांच्या शिलालेखांपासून. चोळमंडलाच्या राजकीय भूगोलावरील त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नोबोरू काराशिमा ह्या जपानी पंडितांसमवेत त्यांनी चोळ लेखांतील व्यक्तिनामांची सूची सिद्ध केली. तंजावरला १९८१ मध्ये तमिळ विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते तेथे प्राध्यापक झाले. विद्यापीठाने प्रथम जवळच्या वल्लम येथे आणि नंतर दूर पश्चिमेस, नोय्यल नदीकाठच्या कोडुमणल येथे उत्खनन केले.

कोडुमणलला दोन हजार वर्षांहून जुनी भांडी निघाली. आतून काळी, बाहेरून तांबडी. आव्यात भांडे पालथे घातले, की आत हवा पोहोचत नाही आणि ती बाजू काळी होते. अशा खापरांवर तमिळ ब्राह्मी अक्षरांत माणसांची नावे ओरखडलेली आढळली. काही नावांत प्राकृताचीही छटा आहे. मणी घडविणाऱ्या आणि लोखंड गाळणाऱ्या ह्या गावात अक्षर केवळ राजदरबारापुरते उरलेले नव्हते.

मराठी घरांतही तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. त्यात कीर्तीची हाव नसते. भांडे आपले म्हणून ओळखू यावे, एवढेच. कोडुमणलच्या त्या नावांनी मात्र एका गावाचा इतिहास राखून ठेवला.