तीन चिंचोके
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



‘तुझ्या कामाबद्दल बोल’ असं बाईंनी सांगितलंय. पण सॉफ्टवेअरचं ऐकत कोण बसणार? म्हणून माझ्या शनिवारच्या कामाबद्दल बोलते. एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीच्या मुलांचा गटचर्चेचा तास घेते.

याचं मूळ ऑफिसातच आहे. मुलाखती घेताना दिसतं, की अचूक प्रोग्रॅम लिहिणारी मुलं ‘असंच का लिहिलंस?’ विचारलं की गप्प होतात. चुकलं तर काय, ही भीती! बाविसाव्या वर्षी ती काढणं फार अवघड जातं.

आपल्या वेळी बोलणं म्हणजे वक्तृत्व स्पर्धा. पाठ केलेलं भाषण आणि ठरलेले दोघंतिघं. (ते आजही पहिल्याच रांगेत बसलेत!) बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

आता हिशोब बघा. चाळीस मुलं, वीस मिनिटं. एकेकानं उभं राहून बोलायचं तर प्रत्येकाला अर्धं मिनिट. चौघाचौघांचे गट केले तर प्रत्येकाला पाच मिनिटं. गोंगाट होतो, हे खरं. पण तो बोलण्याचाच असतो.

नुसते गट करून भागत नाही. बडबडं मूल तिथंही सगळं खाऊन टाकतं. म्हणून प्रत्येकाला तीन चिंचोके. बोललं की एक मध्ये ठेवायचा. संपले की ऐकायचं. आणि स्वतःचं सांगण्याआधी आधीचा काय म्हणाला ते सांगायचं. विषय मुलांच्या माहितीतलाच हवा. ‘मैदानात एकच झाड लावायचं, तर कोणतं?’ यावर एक मुलगी म्हणाली, “चिंच नगं. पोरं दगडं मारत्यात, कौलं फुटत्यात.” तिथं ‘नगं नाही, नको म्हण’ असं टोकलं असतं, तर कौलांचा मुद्दा ऐकायलाच मिळाला नसता. प्रमाणभाषा लिहिताना शिकवता येते.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजून पाहिलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद गप्प राहून बघा, फार लांब वाटतात!

आमच्या वर्गात एक मुलगा अजून एकच चिंचोका खर्च करतो. जूनमध्ये तिन्ही तसेच परत द्यायचा.

दहा गटांना मी एकटी पुरत नाही. गावात असाल त्या शनिवारी सकाळी या. चिंचोके माझ्याकडे भरपूर आहेत.