घरच्या ध्वनिमुद्रणाची साधने : खर्चाचा क्रम

घरी केलेले ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा खोलीमुळे बिघडते. फरशी, गिलाव्याच्या भिंती आणि खिडकीच्या काचा यांवर आपटून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो. टाळी वाजवल्यावर मागोमाग झणझण ऐकू आली, तर त्या खोलीत कितीही महागडा मायक्रोफोन ठेवला तरी मुद्रण विहिरीत बसून बोलल्यासारखेच होते.

म्हणून आधी घरातल्या गोधड्या बाहेर काढाव्यात. जाड गोधड्या वक्त्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना, भिंतीपासून थोडे अंतर सोडून टांगाव्यात. मायक्रोफोनचे तोंड वक्त्याकडे असल्याने वक्त्यामागची भिंतच त्याला जास्त ऐकू येते. मंद्र स्वर मात्र गोधडीला दाद देत नाहीत. १०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. डग्ग्याची घुमारी शोषायची तर रॉकवूलचे जाड थरच लागतात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा खटाटोप करूच नये.

मायक्रोफोन खोली पाहून निवडावा. कंडेन्सर मायक्रोफोन तंबोऱ्याची जवारी बारकाईने टिपतो, पण तितक्याच इमानाने शेजारच्या कुकरची शिट्टीही टिपतो. रहदारीच्या रस्त्यावरील घरात डायनॅमिक मायक्रोफोन बरा. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात असलेला मायक्रोफोन गायनाला आणि निवेदनाला आजही पुरतो. डायनॅमिक मायक्रोफोनला गोंगाट ऐकूच येत नाही, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. त्याच्या अगदी जवळून बोलावे लागते आणि खरा फायदा त्या जवळिकीचा असतो. अंतर निम्मे केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा पडसाद जवळपास तेवढाच राहतो. फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो; निवेदनासाठी चार-पाच बोटांचे अंतर, पॉप फिल्टर आणि बंद पंखा एवढे सांभाळले तरी मुद्रणात मोठा फरक पडतो.

ऑडिओ इंटरफेस दोन इनपुटचा पुरे. एकावर गायन, दुसऱ्यावर पेटी. कंडेन्सरसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर आणि गायकाला स्वतःचा आवाज विनाविलंब ऐकवणारी डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय त्यात हवीच. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर मुद्रण करावे; १९२ किलोहर्ट्‌झच्या जाहिरातीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. २४ बिटमध्ये पातळी चढवून ठेवण्याची गरज नसते, त्यामुळे सर्वात मोठा स्वरही उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावा, म्हणजे अचानक लागलेली तान फाटत नाही.

हेडफोन बंद कपांचे घ्यावेत, नाहीतर त्यातला ठेका मायक्रोफोनमध्ये शिरतो. संपादनाला ऑडॅसिटी विनामूल्य मिळते. स्टँड आणि केबल यांत मात्र काटकसर करू नये. खरखरणारी केबल चांगली मैफल वाया घालवते.

मॉनिटर स्पीकर सर्वात शेवटी घ्यावेत. खोली सुधारल्याशिवाय त्यांवर केलेला खर्च अंगाला लागत नाही.